आईवेगळे घर : ‘गुडनाइट मिस्टर टॉम’ आणि वळिवड्याचा संदर्भ

मराठी बालवाङ्मयात घर म्हणजे आई, हे समीकरण इतके दृढ आहे की त्याची चिकित्सा सहसा होत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ने ते घरोघरी पोहोचविले. पोहायला जाण्यास नाखूश असलेल्या श्यामला आई मारते. पण त्या माराचा हेतू मुलाला धीट करण्याचा असल्याने तो वात्सल्याचाच भाग ठरतो. मिशेल मॅगोरियन यांच्या ‘गुडनाइट मिस्टर टॉम’ (१९८१) या इंग्रजी कादंबरीकडे या संस्कारातून आलेला वाचक वळला, की तो प्रथम अडखळतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने लंडनसारख्या शहरांतील लाखो मुले खेड्यांत हलविली गेली. विली बीच हा त्यांपैकी एक. त्याच्या सामानात आईने एक पट्टाही दिलेला असतो, मुलाला शिस्त लावण्यासाठी. विधुर टॉम ओकली तो वापरत नाही. विलीच्या अंगावरील वळ, अंथरूण ओले होणे, अक्षरओळख नसणे या तपशिलांतून लेखिका मुलाचा भूतकाळ उलगडते; टॉमही तो तसाच, हळूहळू वाचतो. युद्धकथा म्हणून या कृतीचे वेगळेपण येथेच आहे. मुलाला खरा धोका आकाशातून नसून त्याच्या स्वतःच्या घरातून आहे. आईने लंडनला परत बोलाविल्यावर त्याला जिन्याखालच्या जागेत डांबले जाते आणि त्याची तान्ही बहीण त्याच्या कुशीतच दगावते. शासन ज्या घरातून मुलाला युद्धापुरते बाहेर काढते, त्याच घरात त्याला परत जाऊ देते. निर्वासनाच्या योजनेत बॉम्बचा विचार होता, पट्ट्याचा नव्हता.

कादंबरीतील उणीवही मात्र या आईच्याच चित्रणात आहे. दारिद्र्य, एकाकीपण व धर्मवेड यांचा उल्लेख येतो, पण तिचे मन कधी उघडले जात नाही. तिच्या आत्महत्येची वार्ता तेवढी कानावर येते आणि दत्तकाचा मार्ग मोकळा होतो. ही सोय लेखिकेने फार सहज घेतली आहे.

याच प्रश्नाला समांतर असे एक वास्तव महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. १९४०-४१ मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत प्रदेशात हद्दपार केलेली कुटुंबे १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतील सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य होती. त्याआधी जामनगरजवळ बालाचडी येथे अनाथ वा आईवडिलांपासून दुरावलेल्या मुलांसाठी छावणी उघडली होती. ती बंद झाल्यावर तेथील अनेक मुले १९४६ मध्ये वळिवड्यास आली. या मुलांना कम्युनिस्ट राजवटीखालील पोलंडमध्ये सक्तीने परत पाठविले जाऊ नये, म्हणून नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांच्यासह काहींनी त्यांचे कायदेशीर पालकत्व स्वीकारले होते. टॉमनेही विलीला बालगृहात जाऊ दिले नाही. त्याला रुग्णालयातून चक्क पळवून आणले व पुढे दत्तक घेतले. दोन्हीकडे माया कागदावर आली तेव्हाच टिकली.

भेद मात्र महत्त्वाचा आहे. विलीचे घर एका माणसाने उभे केले. वळिवड्याचे घर बराकींच्या रांगा, पोलिश शाळा, चर्च व बालवीर पथके यांनी. तरीही आपल्याकडे या छावण्यांची आठवण बहुधा संस्थानिकांच्या औदार्याची कथा म्हणून सांगितली जाते. ते औदार्य खरेच होते. पण अशा कथनात आश्रयदात्याला चेहरा मिळतो आणि मूल केवळ संख्येत उरते. मॅगोरियन यांनी टॉमचे मोठेपण विलीच्या बदलत्या शरीरभाषेतून, त्याच्या चित्रांतून व अखेरीस टॉमला वडील म्हणण्यातून दाखविले. वळिवड्याच्या मराठी कथनाने ही दिशा अद्याप घेतलेली नाही. पोलिश कुटुंबे गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने विस्थापित झालेली सिंधी कुटुंबे आली व पुढे गांधीनगर वसले. एकाच छपराखाली दोन युद्धोत्तर बालपणे नांदली. त्यांपैकी एकाचेही मुलाच्या नजरेतून लिहिलेले पुस्तक मराठी शालेय वाचनात नाही.