अख्खी भिंत

भाचीनं चीनमधल्या योंगल मंदिराचं चित्रपुस्तक दिलं. छपाई देखणी, पण पानागणिक एकेकच सुटा चेहरा. मला ते खटकलं.

शान्शी प्रांतातलं हे ताओपंथी मंदिर मंगोल राजवटीत, १२४७पासून बांधलं गेलं. खांबांवर लाकडी ठोकळ्यांचे थर, त्यांवर पुढे आलेलं छप्पर. मुख्य दालनात खांब मोजकेच, म्हणून आत पाऊल टाकलं की भिंती मोकळ्या दिसतात. त्यांवर १३२५ साली रंगवलेल्या जवळपास २९० देवता तीन परमदेवांच्या दर्शनाला जमल्यात.

पुढे पीत नदीवरच्या धरणात ही जागा बुडणार असं ठरलं. मग १९५९पासून कारागिरांनी चित्रांसकट भिंती तुकड्यातुकड्यांनी कापल्या, वीसेक किलोमीटरवर नेल्या नि सांध्याला सांधा जुळवून पुन्हा उभ्या केल्या. एवढ्या कष्टानं जोडलेलं पुस्तकवाल्यांनी परत कापलं!

आपल्या समवसरणाच्या पटातला एकच श्रावक कातरून काढला, तर तो हात कुणाला जोडतोय हे कळेल का? चेहरे सुरेख आहेत, नाही कसं म्हणू? पण अख्खी भिंत उलगडून दाखवणारं एक घडीचं पान तरी हवं होतं.