घरचा शब्द

नाताळ जवळ आला की आपल्या समाजातील लेखणी हाती धरणाऱ्यांना उत्साहाचे भरते येते. कविता, आठवणी, मृत्युलेख, प्रवासवर्णने यांचा ओघ सुरू होतो. ही गोष्ट आनंदाची आहे, यात शंका नाही. परंतु हे लेखन लक्षपूर्वक वाचले म्हणजे एक खंत मनाला टोचू लागते. लिहिणारे पुष्कळ, विषय जिव्हाळ्याचे, हेतू निर्मळ. तरीही वाचून झाल्यावर मनात काही उरत नाही. असे का व्हावे, याचा प्रांजळ विचार आपण लिहिणाऱ्यांनीच करावयास हवा.

दिवंगत आईवरील एखादा लेख घ्यावा. आई म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर, तिने काबाडकष्ट उपसून मुलांवर संस्कार केले, तिच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली, अशी वाक्ये ओळीने येतात. यातील एकही वाक्य खोटे नाही. पण लेखातील नाव बदला, धर्मग्राम बदला. तोच लेख दुसऱ्या कोणत्याही माउलीला चालेल. जे शब्द कोणत्याही आईला चालतात, त्यांत कोणाचीच आई सापडत नाही. आम्हीही असे लेख लिहिले आहेत, म्हणूनच हे अधिकाराने नव्हे तर अनुभवाने सांगतो.

या दोषाचे मूळ आळसात नाही, भीतीत आहे. वसईच्या आपल्या घरांत कादोडी बोलली जाते, वाडवळी बोलली जाते. शाळेत गेल्यावर मात्र ‘शुद्ध’ मराठीचा धाक बसतो. मग लिहिणे म्हणजे मिस्साला जाताना घालावयाचे ठेवणीतले कपडे, अशी समजूत होते. घरचे शब्द दाराबाहेर ठेवून आपण उसने शब्द अंगावर चढवितो, आणि ते कोणालाच नीट बसत नाहीत.

अशा वेळी आपल्याच परंपरेतील एका लेखकाकडे पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. मधल्या सदतीस वर्षांत या परकीय माणसाने येथील भाषा कानांनी आणि हाताने कमावली. कोकणीचे व्याकरण लिहिले, ओवी आत्मसात केली. विशेष म्हणजे आपल्या भाषेविषयीचा निर्णय त्यांनी प्रस्तावनेतच मांडून ठेवला आहे. निव्वळ शुद्ध मराठी सामान्य लोकांस कळत नाही, हे पाहून त्यांनी जुन्या कवींचे अवघड शब्द टाळले आणि ठिकठिकाणी लोकांच्या बोलीतले सोपे शब्द मिसळले. अवघड लिहिता येत नव्हते म्हणून ते सोपे लिहीत नव्हते. समोर बसलेल्या श्रोत्यासाठी त्यांनी अवघड ते सोडून दिले. १६४९ व १६५४ साली पुराणाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या सतराव्या शतकातील छापील प्रती आज सापडत नाहीत. तरीही पुराण हस्तलिखितांतून जगले आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले. श्रद्धाळू घरांना ते हवेहवेसे वाटले, हीच त्या भाषेची खरी परीक्षा होय.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. त्या आपल्या पंथाच्या नव्हेत, परंतु प्रभू येशूला मानणाऱ्या सर्वांच्या आहेत. शालेय शिक्षणाचा आधार नसताना या बाईंनी लिहिलेली ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली आणि आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जाते. वडिलांच्या सोवळ्याविषयी लिहिताना त्या कर्मठपणावर प्रवचन देत नाहीत. घरात मीठसुद्धा धुऊन घेतले जाई, एवढे सांगतात. त्या एका मिठातून सारे घर डोळ्यांपुढे उभे राहते. हसू येते आणि त्या हसण्याच्या पोटात दुःखही कळते. हे लिहिण्यासाठी त्यांना एकही उसना शब्द लागला नाही.

आता पुन्हा आपल्या आईकडे वळू. ती काळोखात उठून मोगऱ्याच्या कळ्या खुडत असेल, ओल्या फडक्यात बांधून पहिल्या गाडीने दादरला नेत असेल, परतताना मुलांसाठी पाव आणत असेल, तर तेवढेच लिहावे. मग ‘काबाडकष्ट’ हा शब्द लिहिण्याची गरजच उरत नाही. वाचक तो स्वतः उच्चारतो. सोपे लिहिणे म्हणजे सैल लिहिणे मात्र नव्हे. लेख पुरा झाला की आठवडाभर बाजूला ठेवावा. नंतर घरातील वडीलधाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा. जेथे जीभ अडखळते तेथे वाक्य बिघडलेले असते. जे विधान कोणालाही लागू पडेल ते निष्ठुरपणे खोडावे. साल, गाव, नाते चर्चच्या नोंदवहीतून वा जाणत्यांकडून पडताळून घ्यावे. बोलीतला शब्द नटविण्यासाठी घालू नये. ज्या वस्तूला दुसरे नाव नाही, तेथे तो आपोआप येतो.

हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर आम्ही एवढा आग्रह धरला नसता. वसईच्या वाड्यांतून रहाट गेले, कित्येक बावखले बुजली, राजेळी केळ्यांची सुकेळी करणारे हात थकले. ज्यांनी हे सारे पाहिले ती पिढी एकेक करून निरोप घेत आहे. त्यांच्यावर आपण सागराच्या आणि पोकळीच्या उपमा उधळल्या, तर त्यांच्याबरोबर त्यांचे जगही मातीआड होईल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आपणा सर्वांची मान उंचावली. तो मान टिकवावयाचा तर येत्या नाताळात आणखी एक भरजरी लेख लिहिण्याऐवजी आजीजवळ तासभर बसावे, तिचे शब्द ऐकावेत आणि ते तसेच कागदावर उतरवावेत. साहित्याची सुरुवात तेथूनच होईल, अशी आमची श्रद्धा आहे.