सोव्हिएट रशियाचीं स्मारक-तिकिटें

पुस्तकें, नाटकें व चित्रें यांच्या परीक्षणाकरितां राखलेल्या या पानांत टपालाच्या तिकिटांचा विचार आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. तिकीट म्हणजे पत्र पोहोंचविण्याच्या मजुरीची पावती. तींत रसिकानें काय पाहावें, असें ते विचारतील. साध्या तिकिटापुरता हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु एखाद्या पुरुषाची, प्रसंगाची किंवा पराक्रमाची आठवण म्हणून जें तिकीट निघतें, त्याची गोष्ट निराळी. त्यांत चित्र असतें, मजकूर असतो, विषयाची निवड असते, आणि निवड म्हटली कीं कांहीं वगळणेंही आलेंच. पूर्वींचे राजे शिलालेखांतील प्रशस्तीकडून जें काम करवून घेत, तेंच काम हा बोटभर कागद करतो. तेव्हां प्रशस्तीस जी कसोटी लावावयाची, ती यासही लावण्यास हरकत नसावी.

या कसोटीसाठीं आम्ही सोव्हिएट रशियाचीं तिकिटें घेतों. तें राज्य १९९१ सालीं लयास गेलें. पण त्याचीं तिकिटें जगभरच्या संग्राहकांच्या वह्यांत अजून आहेत, आणि आमच्याकडील घरांतूनही तीं सांपडतात. वर सुबक शिक्का, आणि मागचा डिंक जसाच्या तसा! ज्यांनीं कधीं पत्र पाहिलें नाहीं अशीं हीं तिकिटें शिक्का मारूनच संग्राहकांसाठीं परदेशीं विकलीं जात. राज्याला त्यांतून पैसा मिळे व कीर्तीही मिळे. म्हणजे या प्रशस्तीचे वाचक घरांत होते तसेच दारांबाहेरही होते, हें आरंभींच ध्यानांत ठेविलें पाहिजे.

पहिलें तिकीट १९१८ च्या ७ नोव्हेंबरचें, म्हणजे क्रांतीच्या पहिल्या वाढदिवसाचें. तरवार धरलेला एक हात साखळी तोडीत आहे, एवढेंच चित्र. किंमत ३५ व ७० कोपेक. कोणा पुढाऱ्याचा चेहरा नाहीं, कीं नांव नाहीं. एकच कल्पना आणि ती एका दृष्टींत कळणारी, हा गुण फार थोड्या तिकिटांस साधला आहे. चित्रकार रिखार्ड झारिन्श हा झारच्या अमदानींत सरकारी छापखान्यांत मुरलेला लाट्व्हियन कारागीर. पुढें तो मायदेशीं परतला व त्या नव्या स्वतंत्र राष्ट्राच्या नाण्यासाठीं त्यानें आपली लेखणी चालविली. साखळी तोडणारा हात कोणा एका पक्षाच्या मालकीचा नव्हता, असेंच यावरून वाटतें. आणखी एक मौज अशी कीं, १९१९ च्या १ जानेवारीपासून त्या राज्यानें साध्या पत्रांचें टपालहंशीलच माफ केलें. ज्या तिकिटावर मुक्तीचें चित्र होतें, त्याची गरज साध्या पत्राला दोन महिन्यांच्या आंत उरली नाहीं. ही सवलत १९२१ पर्यंत टिकली.

दुसरें उत्तम तिकीट शोकाचें आहे. लेनिन २१ जानेवारी १९२४ रोजीं वारला. २७ तारखेस, अंत्यविधीच्या दिवशीं, त्याचें तिकीट विक्रीस आलें. इव्हान दुबासोव्ह यानें काढलेली काळी तसबीर व तिच्याभोंवतीं तांबडी चौकट, याहून अधिक कांहीं नाहीं. सहा दिवसांत अलंकार सुचण्यास सवड नव्हती, हें त्या तिकिटाचें भाग्यच म्हणावयाचें. पुढें त्याच पुरुषाच्या स्मरणार्थ कितीतरी तिकिटें निघालीं. ध्वज, किरणें, कारखाने यांची त्यांत दाटी झाली. पण घरांत कोणी गेल्यावर जी शांतता असते, ती आम्हांस या एका तिकिटांतच आढळली.

येथवर स्तुति झाली. आतां दोषाकडे वळूं.

१९३४ च्या फेब्रुवारींत ‘चेल्युस्किन’ नांवाचें जहाज उत्तरेकडील बर्फांत चिरडून बुडालें. शंभरांवर माणसें बर्फाच्या लादीवर अडकलीं, आणि एप्रिलपर्यंत वैमानिकांनीं तीं सर्व सुखरूप आणलीं. या प्रसंगाची तिकिटें १९३५ सालीं निघालीं व तीं योग्यच होतीं. त्यांपैकीं एकावर लेव्हानेव्स्की या वैमानिकाची तसबीर होती. त्याच वर्षीं तो मॉस्कोहून उत्तर ध्रुवावरून सॅन फ्रॅन्सिस्कोला उडणार असें ठरलें, तेव्हां त्याच्या दहा कोपेकांच्या तिकिटावर त्या उड्डाणाचा मजकूर व एक रूबल किंमत वरून छापण्यांत आली. ऑगस्टांत विमान उडालें, आणि तेलाच्या गळतीमुळें वाटेंतूनच परतलें. उड्डाण फसलें, पण तिकीट राहिलें. दोन वर्षांनीं, १९३७ च्या ऑगस्टांत, लेव्हानेव्स्की पुन्हां ध्रुवावरून निघाला, व आपल्या सोबत्यांसह कायमचा नाहींसा झाला. त्याच उन्हाळ्यांत च्कालोव्ह व ग्रोमोव्ह यांचीं विमानें मात्र ध्रुव ओलांडून अमेरिकेंत पोहोंचलीं.

वैमानिकाला आम्ही दोष देत नाहीं. त्यानें प्राण दिले. दोष आहे तो घडण्यापूर्वींच स्मरण करणाऱ्या घाईचा. स्मारक झालेल्या गोष्टीचें असतें. होणाऱ्या गोष्टीचें जें करावयाचें, त्याला नवस म्हणतात. आज तें तिकीट संग्राहक मोठ्या किंमतीस घेतात, आणि त्याच्यापुढें उभें राहिलें म्हणजे आमच्या मनांत येतो तो पराक्रम नव्हे, तर परतलेलें विमान.

हीच युक्ति १९५७ सालीं पुन्हां योजिली गेली, पण या खेपेस घटना घडून गेल्यावर. त्सिओल्कोव्स्की या गणिताच्या शिक्षकानें अवकाशप्रवासाचीं गणितें फार पूर्वीं मांडलीं होतीं. त्याच्या जन्मशताब्दीचें तिकीट निघालें होतें. ४ ऑक्टोबरला पहिला कृत्रिम उपग्रह सुटला, तेव्हां त्याच तिकिटावर ती तारीख वरून छापली गेली. १९३५ त मरण पावलेल्या म्हाताऱ्याच्या तसबिरीवर त्याच्या स्वप्नाच्या सिद्धीची तारीख पडावी, ही कल्पना एखाद्या कवीला शोभावी अशी आहे. तथापि येथेंही वगळलेली बाजू आहेच. उपग्रह ज्याच्या देखरेखीखालीं सुटला, तो कोरोलेव्ह त्या वेळीं हयात होता. १९३८ सालीं त्याच राज्यानें त्याला पकडून कोलिमाच्या खाणींवर धाडलें होतें. १९६१ त गागारिनचीं तिकिटें निघालीं, तींही उड्डाणाच्या पाठोपाठ. परंतु कोरोलेव्हचें नांव जगास कळलें तें १९६६ च्या जानेवारींत तो वारल्यावर. तिकिटावर तो त्यानंतर आला. जिवंतपणीं गुप्त आणि मेल्यावर प्रसिद्ध, असा हा न्याय!

आतां आपल्या अंगणांतलें एक उदाहरण. १९६६ सालीं सोव्हिएट टपालखात्यानें अफनासी निकितिनच्या हिंदुस्थान-प्रवासाच्या पांचशेव्या वर्षानिमित्त तिकीट काढलें. हा त्वेरचा व्यापारी आमच्या कोंकणांत चौलास उतरला व घाट चढून जुन्नरास गेला. दोन देशांच्या मैत्रीचा आद्यपुरुष म्हणून त्याचा गौरव झाला, आणि तो वाईट नव्हे. पण निकितिननें स्वतः लिहून ठेविलेली हकीकत वाचावी! जुन्नरच्या खानानें त्याचा घोडा हिरावला व धर्म बदल म्हणून त्यास धरलें; खोरासानच्या एका गृहस्थानें रदबदली केली तेव्हां सुटका झाली. येथें आपल्या मुलुखाजोगा माल नाहीं, लोकांनीं आपणांस फसविलें, अशी त्याची तक्रार आहे. ग्रंथ लुटले गेल्यामुळें आपले सणवार कधीं येतात हेंही त्याला कळेना. परततांना तो स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. घर त्यानें पाहिलें नाहीं. या एकाकी, धर्मचिंतेनें व्याकुळ झालेल्या माणसाला मैत्रीच्या स्मारकांत कोठें जागा मिळणार?

कोणी म्हणेल, सर्वच राज्यें असें करतात; आपण तरी निराळे आहों काय? हें खरें आहे. आमच्या टपालखात्यानेंही १९७० सालीं लेनिनचें तिकीट काढलें, आणि त्यांतही गौरवापलीकडे कांहीं नव्हतें. परंतु एक भेद आहे. जेथें वृत्तपत्रें व प्रकाशक राज्याच्या कह्याबाहेर आहेत, तेथें तिकिटानें वगळलेलें दुसरा कोणी छापूं शकतो. सोव्हिएट राज्यांत तिकीट, वृत्तपत्र व पाठ्यपुस्तक यांचा मालक एकच; म्हणून तिकिटाची चूक दुरुस्त करणारें दुसरें पान उघडपणें निघणें तेथें फार कठीण होतें. त्या तिकिटांचा खरा दोष चित्रांत नसून या एकटेपणांत आहे.

तरीही तीं टाकून द्यावींत, असें आम्ही म्हणणार नाहीं. त्यांतील कित्येकांची कोरणी उत्कृष्ट आहे, आणि अनेक मुलांनीं भूगोलाचे पहिले धडे त्यांवरूनच घेतले असतील. आमची सूचना एवढीच कीं, घरांतील वहींत अशा तिकिटाशेजारीं थोडी जागा कोरी सोडावी, आणि आईबापांनीं मुलांकडून तेथें तिकिटानें न सांगितलेली हकीकत लिहवून घ्यावी. लेव्हानेव्स्कीच्या शेजारीं परतलेलें विमान, कोरोलेव्हच्या शेजारीं कोलिमा, निकितिनच्या शेजारीं जुन्नरचा घोडा.