तिथी टिकली, अर्थ पालटला

दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवस म्हणजे तितकीच वर्षे होत, असे मानून अमेरिकन बॅप्टिस्ट प्रवचनकार विल्यम मिलर याने इ. स. पू. ४५७ पासून गणना केली व ख्रिस्ताचे पुनरागमन १८४३ च्या सुमारास होईल, असे प्रतिपादिले. पुढे अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तिथी निश्चित केली. तीही व्यर्थ गेली. पुष्कळांनी चळवळ सोडली; काहींनी मात्र गणित अबाधित ठेवून घटनाच पृथ्वीवरून स्वर्गीय मंदिरात नेली. त्यांच्यातूनच १८६३ साली सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट संघटना उभी राहिली. या भाष्याचा दोष केवळ आकडेमोडीत शोधणे अपुरे होय. मिलरचे भाकीत निदान खोटे ठरू शकत होते. स्वर्गस्थ घटनेस ती कसोटीच लागू पडत नाही. श्रद्धा तरली, परंतु भाकिताचे भाकीतपण लोपले.