बायबल किती शब्दशः वाचावं?

ख्रिस्ती माणसाने बायबल किती शब्दशः वाचावं आणि किती शब्दशः पाळावं, हा आजचा विषय. यावर दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, देवाचं वचन आहे ना, मग लिहिलंय तसं घ्या. दुसरा म्हणतो, जुना काळ, जुनी माणसं, सगळं रूपक समजा. आम्हाला दोघांशीही भांडायचं आहे. पहिल्या तटाला आमचं म्हणणं असं, की संपूर्ण बायबल शब्दशः पाळणारा ख्रिस्ती आम्हाला इतिहासात सापडत नाही. जो तो निवड करतो. तेव्हा विचारायचं ते हे: निवड कोण करतं, आणि तिची किंमत कोण मोजतं?

आधी सोपी उदाहरणं घेऊ. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात दोन प्रकारच्या धाग्यांचं मिश्र कापड घालू नये असं आहे. टेरिकॉटचा शर्ट घालून रविवारी चर्चला जाताना कुणाच्या मनाला टोचणी लागत नाही. त्याच पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात, विकलेली जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जावी अशी आज्ञा आहे. तिच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. यावर उत्तर ठरलेलं: तो जुना करार झाला, ख्रिस्ताने नियमशास्त्र पूर्ण केलं. ठीक आहे. पण मग हेही कबूल करा, की तुम्ही वचन एका मोठ्या चौकटीत ठेवून वाचता, म्हणजे अर्थ लावता.

आणि त्यात गैर काहीच नाही. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय काढा. यरुशलेमेत बैठक बसली आहे. परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांनी सुंता करून घ्यावी का? शास्त्रातली आज्ञा स्पष्ट होती. तरी ठरलं, की हे ओझं त्यांच्यावर लादायचं नाही. अर्थ लावण्याचा हा प्रकार खुद्द बायबलच्या पानांतच आहे, नंतरच्या सुशिक्षितांनी तो शोधून काढलेला नाही.

सृष्टीच्या सहा दिवसांवरून फार धुरळा उडतो. आम्ही त्यावर थोडंच बोलू. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग पहिले तीन दिवस कसले, हा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेनला पडला होता. पुढे ऑगस्टीनलाही हे दिवस आपल्यासारखे वाटले नाहीत. डार्विन यायला तेव्हा चौदाशे वर्षं होती. 1925 साली अमेरिकेत टेनेसीमधल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. त्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीसुद्धा उलटतपासणीत मान्य केलं, की ते दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं नाही. असो. या वादात कुणाची पाठ फुटत नाही. जिथे फुटते तिथे जाऊ.

1807 मध्ये लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी. निवडक भागांचं. त्यातून जुन्या कराराचा बहुतेक सगळा भाग आणि नव्या कराराचा जवळजवळ अर्धा भाग गाळला होता. मिसरातल्या गुलामगिरीतून इस्राएल लोक सुटले ती गोष्टच काढून टाकली. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वाक्यही गेलं. राहिलं काय? दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा.

अमेरिकेतले गुलामांचे मालक स्वतःला वचनाचे पक्के समजत. फ्रेडरिक डग्लस यांनी 1845 च्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, की त्यांचा मालक एका अपंग तरुणीला बांधून चाबकाने मारताना लूकचं एक वचन म्हणायचा. धन्याची इच्छा ठाऊक असून ती न करणाऱ्या दासाला पुष्कळ फटके, अशा अर्थाचं. आता बघा, ते वचन आहे एका दृष्टांतातलं! आणि अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, पळून आलेला दास मालकाच्या स्वाधीन करू नको, अशी सरळ आज्ञा आहे. दृष्टांत नव्हे, आज्ञा. तरी 1850 मध्ये पळालेले गुलाम परत धरून देण्याचा कायदा झाला, आणि त्याचं समर्थन करणारे धर्मोपदेशकही निघाले. दृष्टांत शब्दशः घेतला आणि आज्ञा बाजूला ठेवली. याला शब्दनिष्ठा म्हणायचं का?

आता दुसरा तट. तुम्ही म्हणाल, म्हणूनच आम्ही सगळं रूपकाने घेतो. थांबा. असलेलं विकून गरिबांना दे, असं येशूने एका श्रीमंत तरुणाला सांगितलं. हे कानावर पडल्यावर मिसर देशातल्या अँथनीने खरोखर आपली जमीन देऊन टाकली. आपण मात्र लगेच म्हणतो, ते त्या तरुणापुरतं होतं, मुद्दा मनाच्या आसक्तीचा आहे. असेलही. पण खिशाला हात लागला की नेमकं रूपक आठवावं, यात आम्हाला शंका येते. वैऱ्यावर प्रीती करा, हे वाक्य समजायला ग्रीक यावं लागत नाही. अडचण अर्थाची नाही, पाळण्याची आहे.

मग काय, ज्याने त्याने आपल्या मनाचं वाचावं? नाही. ऑगस्टीनने एक माप दिलं आहे. ज्या अर्थाने देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढत नाही, तो अर्थ तुम्हाला कळलेलाच नाही. माप चांगलं आहे, पण पुरत नाही. मालकसुद्धा म्हणत, आमची आमच्या गुलामांवर मायाच आहे. म्हणून त्याला एक जोड हवी: वचनाचा भार ज्याच्यावर पडतो, त्याला ते स्वतः वाचता आलं पाहिजे, आणि त्याचा अर्थ ऐकून घेतला गेला पाहिजे. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. उगाच नव्हता.

इथे पंडिता रमाबाई आठवतात. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचे लगेच खटके उडू लागले. पुरोहितांचं एक जू आत्ताच उतरवलंय, दुसरं मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या पत्रांचा सूर आहे. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. साधी बाई वाचू शकेल अशा मराठीत. छपाई मुक्ती मिशनमध्ये झाली, बायकांच्या हातांनी. 1922 मध्ये त्या वारल्या, ग्रंथ 1924 मध्ये निघाला. भाषांतर शब्दाला शब्द धरून चालतं, कधीकधी त्यात मराठी अवघडते, ही टीका रास्त आहे. पण लंडनच्या त्या कापलेल्या पुस्तकाशेजारी ते ठेवून बघा. इथे गाळलेलं काही नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे. ते बायकांना नेहमी ऐकवलं जातं. पण पूर्ण पुस्तक हातात असलेली बाई तीन अध्याय मागे जाऊ शकते. तिथे पौल, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रियांनी डोकं झाकावं म्हणतो. म्हणजे स्त्रिया बोलत होत्या! हे तिला शब्दशः वाचूनच कळतं.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. शब्दशः जरूर वाचा, पण सगळं वाचा. आणि पाळायला सुरुवात त्या वचनापासून करा, ज्याचा भार स्वतःवर पडतो. दुसऱ्यावर पडणारं वचन उच्चारण्याआधी त्या दुसऱ्याला विचारा, की बाबा, तू हे कसं वाचतोस? आता तुमचे प्रश्न घेऊ.