पुलावरचे घर

घरातील मारहाणीविषयी कुमारवाचकांसाठी लिहिणे अवघड. लेखक बापाला राक्षस करून मोकळा होतो, नाही तर शेवटच्या प्रकरणात सर्वांना एका पंगतीला बसवतो. पद्मा वेंकटरामन यांची ‘द ब्रिज होम’ (२०१९) ही इंग्रजी कादंबरी हे दोन्ही टाळते, म्हणून आम्ही तिची दखल घेत आहोत. लेखिका मूळच्या चेन्नईच्या, आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या.

बापाचा हात आईवर उठत होता. तो मुलींवरही उठला, तेव्हा विजी बहिणीला घेऊन बसने चेन्नई गाठते. रुक्कू वयाने मोठी, पण तिची समज संथ. म्हणून धाकटीलाच थोरलेपण पत्करावे लागलेले. एका पडक्या पुलावर त्यांना अरुल आणि मुत्तू भेटतात. कचऱ्याच्या ढिगांना हिमालय म्हणत ही मुले भंगार वेचतात आणि मिळेल ते वाटून खातात.

सारी कथा विजी रुक्कूला उद्देशून सांगते. इंग्रजीतील संबोधनात जवळीक लपून जाते. मराठीत ‘तू’ म्हणताच ती उघडी होईल. हे संबोधन का, याचा उलगडा होतो तेव्हा वाचक हादरतो. पावसाळ्यात रुक्कू आणि मुत्तू तापाने फणफणतात. मोठ्या माणसांवरचा विजीचा विश्वास उडालेला असल्याने मदत मागायला उशीर होतो. मुत्तू वाचतो, रुक्कू जाते. जिने बहिणीला वाचविण्यासाठी घर सोडले, तिलाच तिच्या मरणाचा बोल स्वतःला लावून घ्यावा लागतो. लेखिका या अपराधभावाची घाईने समजूत काढीत नाही, हे आम्हांस विशेष वाटते.

एक आक्षेप मात्र नोंदवायला हवा. रुक्कू मण्यांच्या माळा करते, त्या विकून चौघांना पैसे मिळतात. ती वाटली होती त्याहून समर्थ आहे, हे विजीला नुकते कळू लागलेले असते. नेमके तेव्हाच तिला कथेतून न्यावे, हे आम्हांस खटकले. आईचे चित्रही पुसटच राहिले आहे.

आमच्या वाचकांना अरुल जवळचा वाटेल. २००४च्या त्सुनामीत त्याचे कुटुंब गेले. तो ख्रिस्ती आहे, प्रार्थना करतो, स्वर्गात आपली माणसे भेटतील असे मानतो. विजीला तशी श्रद्धा नाही. मुलांसाठी आश्रयगृह चालविणाऱ्या सेलिना आन्टी तिच्यावर प्रार्थनेची सक्ती करीत नाहीत, आणि तरीही तिला तेथे जागा मिळते.

पुढे बाप येतो, पश्चात्ताप बोलून दाखवतो, घरी चल म्हणतो. विजी जात नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर वाढलेल्या आपल्या घरांना हा प्रसंग बोचेल. पण त्या दाखल्यात चुकलेला मुलगा परततो. येथे चुकलेला बाप आला आहे, आणि त्याच्या घरात पुन्हा राहायचे आहे ते मुलीला. मनातला द्वेष सोडणे आणि मार खाल्लेल्या घरी परतणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ‘बाप आहे, क्षमा कर’ म्हणून मुलींना, सुनांना परत पाठविणाऱ्या नातलगांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

भाषा सोपी, प्रकरणे लहान. बारा वर्षांपुढील मुलांना झेपेल. मात्र रुक्कूच्या मृत्यूच्या प्रकरणांपाशी आईवडिलांपैकी कुणी जवळ असावे.