तीन भिंतींच्या घरातली तेहेतीस वर्षं

बर्लिनला खेटून असलेल्या पॉट्सडॅममध्ये बाबेल्सबर्गचा स्टुडिओ आहे. १९१२मध्ये तिथे चित्रीकरण सुरू झालं. फ्रिट्झ लांगचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) इथलाच. पुढे मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा डोलारा सांभाळणारी देविकाराणी शिकली तीही तेव्हा हा स्टुडिओ चालवणाऱ्या ‘उफा’ कंपनीत. आज याच आवारात एक स्वयंपाकघर उभं आहे. टेबलावर खराखुरा पाव आहे, भिंती मात्र तीनच. चौथ्या बाजूला कॅमेरे.

हे घर ‘गुटे त्सायटन, श्लेष्टे त्सायटन’ या मालिकेचं. नावाचा अर्थ ‘बरे दिवस, वाईट दिवस’. आरटीएल वाहिनीवर ११ मे १९९२ला ती सुरू झाली. तेव्हापासून आठवड्याला पाच भाग, संध्याकाळी ७.४०ला. आठ हजारांचा टप्पा केव्हाच मागे पडला.

सुरुवात उसनवारीवर झाली. पहिले २३० भाग ‘द रेस्टलेस इयर्स’ या ऑस्ट्रेलियन मालिकेवर बेतलेले होते आणि नवखे नट ते संवाद पाठ म्हटल्यासारखे म्हणत. समीक्षकांनी झोडपलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. उसनी शिदोरी संपली आणि लेखकांना स्वतःची गोष्ट रचावी लागली, तेव्हा कुठे मालिका उभी राहिली.

तिचं बळ आहे कारखान्यासारख्या कामाच्या पद्धतीत. कथानकाची आखणी एक चमू करतो, संवाद दुसरेच लिहितात. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, सेटच्या सोयीने होतं. त्याच टेबलाशी बसून नटी सकाळी सोमवारच्या भागातलं भांडण करते आणि कपडे बदलून गुरुवारच्या भागातली दिलजमाई. रडू नेमकं कुठवर आलं होतं, हे तिनेच लक्षात ठेवायचं. या कसबाची दखल समीक्षेने क्वचितच घेतली.

उणीव आहे ती वेगळीच. ‘लिंडनश्ट्रासे’ ही हान्स गाइसेनडॉर्फर यांची मालिका १९८५पासून दर रविवारी लागे, पण गोष्ट घडे गुरुवारी. निवडणुकीच्या रात्री मात्र पात्रं त्याच संध्याकाळच्या निकालांवर बोलत. देशातलं वारं तिच्या स्वयंपाकघरात शिरत असे. मार्च २०२०मध्ये, १,७५८ भागांनंतर, ती बंद झाली. ‘मारियनहोफ’ आणि ‘फरबोटेन लीबे’ या मालिका त्याआधीच गेल्या होत्या. ‘गुटे त्सायटन’ टिकली, पण तिच्या घरात वारं बेतानेच येतं. समलिंगी प्रेम, आजारपण, व्यसन हे विषय ती धीटपणे हाताळते; मात्र कथा रेंगाळली की कारस्थान आणि अपहरण ठरलेलंच.

या सगळ्याला पुरून उरलाय यो गेर्नर. वोल्फगांग बारो १९९३पासून हा कावेबाज वकील रंगवतायत. आवाज न चढवता ते समोरच्याला घाम फोडतात. मुलाच्या मृत्यूने हाच माणूस कोसळतो, तेव्हा प्रेक्षक हळहळतो. कारण गेर्नरचे डावपेच आणि पराभव त्याने वर्षानुवर्षं जेवणाच्या वेळी पाहिलेले असतात. दोन तासांच्या चित्रपटाला ही ओळख जमवता येत नाही.

गेर्नर आला तेव्हा हेल्मुट कोल जर्मनीचे चान्सलर होते. १९९८च्या निवडणुकीआधी त्यांचे प्रतिस्पर्धी गेरहार्ड श्रोडर स्वतःच्याच भूमिकेत या मालिकेत पाहुणे म्हणून झळकले. पुढे ते चान्सलर झाले, सात वर्षांनी पायउतारही झाले. गेर्नरची वकिली अजून चालू आहे.